अमेरिका सोडताना आय-९४: बाहेर पडल्याची नोंद कशी सांभाळावी

अमेरिकेतून विमानाने निघताना पासपोर्टवर शिक्का मारणारा इमिग्रेशन काउंटर लागत नाही. विमान कंपनी प्रवाशांची यादी सीबीपी या सीमाशुल्क खात्याला पाठवते आणि खातं ती तुमच्या प्रवेशाच्या नोंदीशी, म्हणजे आय-९४ शी, जुळवतं. "सगळं आपोआप होतं, काही करू नका" हा सल्ला मी नातेवाइकांची कागदपत्रं सांभाळताना सतत ऐकतो, आणि तो अर्धवट आहे. बहुतेक वेळा नोंद जुळते. नाही जुळली, तर तुम्ही वेळेत निघाल्याचं सिद्ध करणं तुमच्यावर येतं.

निघण्यापूर्वी सीबीपीच्या आय-९४ संकेतस्थळावरून तुमचं आय-९४ छापून घ्या. ते मोफत मिळतं. या छापील प्रतीसाठी पैसे मागणारं संकेतस्थळ सरकारी नाही, लगेच बंद करा. पासपोर्टवर आडनाव नसेल तर आडनावाच्या जागी तुमचं नाव आणि पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' (FNU, म्हणजे 'पहिलं नाव माहीत नाही') टाकून पाहा. मुक्कामात पासपोर्ट बदलला असेल तर प्रवेशाच्या वेळचा जुना नंबर टाका, आणि परतीच्या प्रवासात दोन्ही पासपोर्ट जवळ ठेवा.

तारीख आय-९४ वरचीच पाहा. व्हिसा दहा वर्षांचा असला तरी मुक्कामाची मुदत ठरते ती आय-९४ वर. ती एका दिवसानेही ओलांडली तर ज्या व्हिसावर आलात तो रद्द ठरतो. बेकायदा मुक्काम १८० दिवसांपेक्षा जास्त झाला तर बाहेर पडल्यावर ३ वर्षं, एक वर्ष किंवा अधिक झाला तर १० वर्षं प्रवेशबंदी लागू शकते.

आता खरी अडचणीची जागा: रस्त्याने बाहेर पडणं. तिथे विमान कंपनीची यादी नसते. नायगारा पाहून कॅनडात जायचं आणि टोरांटोहून घरी उडायचं, असा बेत अनेक जण आखतात. कॅनडा तुमच्या प्रवेशाची माहिती अमेरिकेला देतो, म्हणून तिथे बहुधा निभावतं. मेक्सिकोच्या बाजूने या भरवशावर मुळीच राहू नका. कागदी आय-९४ मिळालं असेल आणि परत यायचं नसेल, तर ते सीमेवर किंवा विमान कंपनीकडे जमा करा. ३० दिवसांच्या आत कॅनडा किंवा मेक्सिकोहून परतणार असाल तर जमा करू नका. मात्र असं थोडे दिवस बाहेर जाऊन आल्याने मुदत नव्याने सुरू होते, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

कुठूनही निघा, पुरावा त्याच दिवसापासून जमवा. सगळ्यात मोलाचा बोर्डिंग पास. मोबाइलवरचा पास प्रवासानंतर ॲपमधून नाहीसा होऊ शकतो, म्हणून काउंटरवर कागदी पास मागून घ्या, निदान स्क्रीनशॉट काढा. तिकीट पुरेसं नाही. ते घेऊनही माणूस मागे राहू शकतो. पुढच्या देशात उतरल्यावर प्रवेशाचा शिक्का मारला की नाही, काउंटरवरच बघा. पोहोचल्यानंतरची पगारपत्रकं, तारीख असलेल्या बँक नोंदी, कार्डाच्या पावत्याही ठेवा. अमेरिकेबाहेर तुम्ही प्रत्यक्ष होतात, हे त्यातून दिसायला हवं.

काही दिवसांनी त्याच संकेतस्थळावर प्रवासाचा इतिहास उघडा. निघाल्याची तारीख दिसली, तर ते पान छापून ठेवा. दिसली नाही म्हणून घाबरू नका. ही यादी कायदेशीर दाखला मानली जात नाही आणि नोंद उशिरानेही चढते.

कागदी आय-९४ चुकून घरी आलं असेल, तर ते पुराव्यांच्या प्रतींसह आणि इंग्रजीतल्या खुलाशासह सीबीपीने दिलेल्या पत्त्यावर अमेरिकेत पाठवा. अमेरिकी वकिलातीत पाठवू नका, तिथे हे काम होत नाही. मूळ पुरावे स्वतःकडे ठेवा. पुढे व्हिसाची मुलाखत असेल किंवा पुन्हा प्रवेश करायचा असेल, तेव्हा ती फाइल हातातल्या बॅगेत असू द्या; चेक-इन सामानात टाकलेली फाइल प्रवेशाच्या काउंटरवर कामाला येत नाही.