पावसाने ओढ दिली असेल तर कोवळी ज्वारी तोडू नका

मृगात पेरलेली ज्वारी गुडघ्याला लागते न लागते तोच पाऊस दडी मारतो. माळव्यात हे नवे नाही. सांवेर, देपालपूर, महूकडे गुरे सांभाळणाऱ्यांनी आपली चाऱ्याची ज्वारी, म्हणजे इकडची चरी, आज स्वतः शेतात जाऊन पाहावी. पाने वळली असतील, वाढ खुंटली असेल, तर त्या तुकड्याला विळा लावू नका. दावणीचे जनावर सुटून तिकडे जाणार नाही, एवढेही पाहा.

कोवळ्या ज्वारीत धुरिन नावाचे द्रव्य असते. पान चावले, चिरडले की त्यातून सायनाइड सुटते. खाणाऱ्यापासून वाचण्याची ही झाडाची सोय आहे आणि पाण्याचा ताण पडला की ती वाढते. तीनशे किलोच्या गाईला साधारण अर्धा-पाऊण ग्रॅम सायनाइडही जीवघेणे ठरते.

गाई-म्हशींना धोका घोड्यापेक्षा जास्त, कारण त्यांच्या कोठीपोटातले, म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या मोठ्या पोटातले, सूक्ष्मजीव हे धुरिन झपाट्याने फोडतात. एरवी कडब्याचे दूध करून देणारे हेच जीव इथे विष मोकळे करतात. सुटलेले सायनाइड गंधकाच्या मदतीने निरुपद्रवी करण्याची ताकद जनावराच्या यकृतात आहे, पण त्या कामाला वेळ लागतो. उपाशी जनावराने पाटीभर कुट्टी भराभर ओढली तर तो वेळ मिळतच नाही. म्हणून चारा पक्का असला तरी आधी थोडा कडबा किंवा वाळले गवत घालून मगच हिरवी ज्वारी द्या.

निम्म्या ताटांना फुलोरा आला की तोडणी करा. कोरड पडलेल्या पिकाला पाणी असेल तर एक पाळी द्या आणि ताण ओसरून पीक पुन्हा जोमाने वाढू द्या. लांबलेला पाऊस पडल्यावर बुडातून फुटणारे कोवळे फुटवे सर्वांत वाईट. शेत हिरवेगार दिसते आणि आपण फसतो. खोडव्याचेही तसेच. चांगले वाळवल्याने विष बरेच कमी होते. मूरघास केला तर दीड महिन्याने उघडा. तोवर मका घाला, त्यात हा धोका जवळजवळ नसतो.

आता दुसरी बाजू, कारण सगळीच विषे पोटाला हरवत नाहीत. सुबाभळीत मिमोसिन असते. जास्त खाल्ली तर केस गळतात, गळ्याला गाठ येते. ऑस्ट्रेलियात गुरांना हा त्रास होई, हवाईतल्या शेळ्यांना मात्र होत नसे. त्या शेळ्यांच्या कोठीपोटात मिमोसिनपासून तयार होणारे विष पचवणारे जिवाणू सापडले. ते ऑस्ट्रेलियातल्या गुरांच्या पोटात सोडल्यावर ती गुरेही सुबाभूळ निर्धास्त खाऊ लागली. ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ रेमंड जोन्स यांनी लावलेला हा शोध मला फार मोलाचा वाटतो. आपल्या जनावरांत ते जिवाणू पुरेसे आहेत असे धरून मात्र चालू नका. हिरव्या चाऱ्यात सुबाभूळ एक तृतीयांशाच्या आत ठेवा आणि नवा पाला दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवत न्या. सूक्ष्मजीवांची वस्ती बदलायला तेवढे दिवस लागतात. ज्वारीच्या सायनाइडला मात्र ही सवय लावता येत नाही.

वासराचे कोठीपोट तर अजून तयारच झालेले नसते. निमाडातून येणारी सरकी मोठ्या गाईला बेताने चालते, कारण सरकीतले गॉसिपॉल हे विषारी द्रव्य तिच्या पोटात बरेचसे बांधले जाते. दूधपित्या वासराला सरकी किंवा तिची पेंड घालू नका.

ज्वारी लागलेले जनावर अर्ध्या तासाच्या आतही कोसळू शकते. धाप लागते, तोंडाला फेस येतो, अंग थरथरते, हिरड्या भडक लाल दिसतात. उरलेला चारा लगेच बाजूला करा. तडफडणाऱ्या जनावराला काहीही पाजू नका, ते फुप्फुसात जाते. पशुवैद्यक सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट शिरेतून देतात. वेळेत मिळाले तर जनावर उठते. मध्य प्रदेशात फिरत्या पशुचिकित्सा वाहनासाठी १९६२ हा क्रमांक आहे. तो गोठ्याच्या दारावर खडूने मोठ्या आकड्यांत लिहून ठेवा आणि घरातल्या मुलांनाही दाखवा.