अर्धवट कामांचा शीण: या चुका टाळा

दिवसभर फारसं काही केलेलं नसतं, तरी संध्याकाळी रंकाळ्यावर फिरताना डोकं जड असतं. घरफाळा भरायचा राहिलाय. सातबाऱ्यावर वारस नोंद अडकलीय. पावण्यांना फोन करायचाय. केलेल्या कामानं येत नाही इतका शीण कधी कधी न झालेल्या कामानं येतो, आणि आपण त्याला आळस समजून स्वतःलाच बोल लावतो.

बर्लिनमध्ये ब्लूमा झायगार्निक यांनी यावर प्रयोग केले आणि १९२७ साली ते प्रसिद्ध झाले. मध्येच थांबवलेली कामं लोकांना पुरी झालेल्या कामांपेक्षा जास्त आठवत होती. पुढे इतरांनी तपासलं तेव्हा स्मरणाची ही गोष्ट दर वेळी तशीच आढळली नाही. त्यांच्याच बरोबरीच्या मारिया ओव्सियांकिना यांचं निरीक्षण मात्र अधिक टिकलं: अडवलेल्या कामाकडे माणूस कुणी न सांगताही परत वळतो. ही ओढ मनाचा स्वभावच आहे. ती मोडायच्या मागे लागू नका, तिला वाट द्या.

सगळं डोक्यात ठेवणं. "लक्षात आहे माझ्या," असं आपण म्हणतो. पण लक्षात ठेवणं हेही कामच आहे, आणि ते दिवसभर चालू राहतं. वही घ्या, नाहीतर मोबाईलमध्ये लिहा. पण एकाच जागी. चार ठिकाणी लिहिलेलं पुन्हा डोक्यालाच सांभाळावं लागतं.

नुसतं नाव लिहून ठेवणं. सर्वात जास्त लोक इथंच अडतात. यादी होते, पण डोकं हलकं होत नाही, आणि मग यादीवरचा विश्वासच उडतो. "वारस नोंद" असं लिहिलं की कामाचं नाव झालं, पण करायचं काय ते कुठं कळलं? त्याऐवजी "सोमवारी अकरा वाजता महापालिकेतून बाबांच्या मृत्यूदाखल्याची प्रत आणणे" असं लिहून बघा. काम तेवढंच राहिलेलं असतं, तरी मन त्याच्यामागे धावायचं थांबतं. मासिकॅम्पो आणि बाउमायस्टर या अमेरिकी संशोधकांनी २०११ साली हेच दाखवलं. प्रयोगात काही वाचत असताना लोकांच्या मनात अपुऱ्या कामाचे विचार मध्ये मध्ये येत होते; पण ते काम कधी, कुठं, कसं करायचं हे ठरवलेल्यांना तो त्रास जवळपास झाला नाही. काम पुरं करायची गरज पडली नाही, नेमकं ठरवणं पुरलं. मला ही फार दिलासा देणारी गोष्ट वाटते, कारण सगळी कामं संपणार कुणाचीच नाहीत.

कुठं थांबलो ते न लिहिता उठणं. उद्यमनगरात लेथवर जॉब लावलेला असतो, तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक घाईचं काम घेऊन येतं. हात नव्या जॉबवर असतात, डोकं जुन्याच्या मापात. सोफी लेरॉय यांनी २००९ साली याचा अभ्यास केला: काम बदललं तरी लक्षाचा काही भाग आधीच्या कामातच मागं राहतो. उठायच्या आधी चिठ्ठीवर दोन ओळी लिहा: इथवर झालंय, पुढचं माप अमुक. मिनिटसुद्धा लागत नाही. ऑफिसातल्या फायलीला आणि घरच्या हिशेबालाही हेच लागू.

जे करणारच नाही ते यादीत ठेवणं. कधीतरी शिकू म्हणून आणलेली पेटी, मनातून केव्हाच सोडून दिलेला कोर्स. "हे आता करत नाही," असं म्हणून स्पष्ट रेघ मारा. सोडून देणं हाही निर्णयच आहे.

यादी नीट आहे, तरी मन शांत नाही? मग बहुधा चेंडू दुसऱ्याच्या हातात आहे: साहेबांची सही, भावाचा होकार, गवंड्याची तारीख. अशी कामं वेगळ्या पानावर काढा आणि समोर परत कधी विचारायचं तो वार लिहा. त्या वारापर्यंत ते काम तुमचं नाही.

रात्री अंथरुणावर पडल्यावर कामं आठवत असतील तर झोपण्याआधी पाच मिनिटं उद्याची कामं लिहा. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठातल्या २०१८ च्या प्रयोगात ५७ तरुण होते. उद्याची कामं लिहिणाऱ्यांना झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली. प्रयोग लहान आहे, पण करून बघायला खर्च काहीच नाही.

हे सगळं करूनही काही आठवडे झोप उडालेली असेल, कशातच मन लागत नसेल, तर तो प्रश्न यादीचा नाही. डॉक्टरांना भेटा. सरकारच्या टेली मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, पैसे लागत नाहीत, आणि मराठीत बोलता येतं.