माणूस मुळात चांगला की समाजाने बिघडवलेला: हा वाद नीट कसा मांडावा

निबंध असो की वादविवाद स्पर्धा, या विषयावरची मांडणी बहुधा सुरुवातीलाच फसते, कारण एका प्रश्नात दोन दावे गुंतलेत. माणूस जन्मतः चांगला असतो, हा एक. त्याच्यातलं वाईट समाजातून येतं, हा दुसरा. एक खरा आणि दुसरा खोटा असू शकतो. म्हणून आधी कागदावर दोन रकाने आखा. हाती येणारा प्रत्येक पुरावा कोणत्या दाव्याबद्दल बोलतो ते ठरवून त्या रकान्यात टाका. कुठेच बसत नसेल तर कितीही आकर्षक असो, सोडून द्या.

मग ‘चांगला’ म्हणजे काय ते एका वाक्यात लिहा. कळवळा वाटणं, मदतीला धावणं आणि न्याय-अन्याय कळणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची सरमिसळ झाली की प्रतिपक्ष तिथेच पकडतो. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातला चिनी तत्त्वज्ञ मेन्सियस म्हणतो, लहान मूल विहिरीत पडायच्या बेतात दिसलं की कोणाच्याही काळजात धस्स होतं. आईबापांची मर्जी मिळवायला नाही, शेजाऱ्यांनी वाहवा करावी म्हणूनही नाही. इथे तो धस्स होण्याबद्दल बोलतो, धावत जाण्याबद्दल नाही. हा चांगुलपणाचा नुसता अंकुर, असं तो मानतो. पुढे शुन्झी या दुसऱ्या चिनी तत्त्वज्ञाने उलट बाजू घेतली: वाकडं लाकूड वाफवून साच्यात धरल्याशिवाय सरळ होत नाही, तसा माणूस. शिक्षण मात्र दोघांनाही हवं. एकाला अंकुर जपायला, दुसऱ्याला मूळचा आकारच बदलायला. वादाचा खरा सांधा हा आहे, तिथे वेळ द्या.

रूसो आणि हॉब्ज या युरोपीय तत्त्वज्ञांना एका ओळीत गुंडाळू नका. रूसोच्या १७५५ च्या निबंधातला निसर्गावस्थेतला, म्हणजे समाज बनण्याआधीचा, माणूस सद्गुणी नाही आणि दुर्गुणीही नाही. त्याच्याकडे स्वतःला जपण्याची ओढ आणि दया आहे. बिघाड तुलनेतून आणि मालमत्तेतून येतो. हॉब्ज (१६५१) ‘माणूस दुष्ट’ एवढंच म्हणत नाही. सर्वांवर वचक ठेवणारी सत्ता नसेल तर शहाणा माणूसही भीतीपोटी आधी हात उगारेल, असं त्याचं म्हणणं. म्हणजे तोही परिस्थितीबद्दलच बोलतोय!

प्रयोग वापरताना सर्वांत जास्त चुका होतात. २००७ च्या प्रयोगात सहा आणि दहा महिन्यांच्या बहुतेक बाळांनी, दुसऱ्याला चढ चढताना अडवणाऱ्या लाकडी आकाराऐवजी मदत करणारा आकार निवडला. हे सांगून थांबू नका. नंतर अनेक प्रयोगशाळांनी मिळून हजारावर बाळांवर तोच प्रयोग केला, तेव्हा निवड जवळपास निम्मी-निम्मी निघाली (त्यात खेळ प्रत्यक्ष न दाखवता पडद्यावर दाखवला होता). शिवाय सहा महिन्यांचं बाळ सहा महिने माणसांतच वाढलेलं असतं, तेव्हा यावरून ‘जन्मतः’ सिद्ध होत नाही.

मानसशास्त्रज्ञ मिलग्रामचा प्रयोग दुसऱ्या रकान्यात घाला. त्यात प्रयोगकर्ता सहभागी माणसाला, चुकीचं उत्तर देणाऱ्या दुसऱ्या माणसाला वाढत्या व्होल्टचे विजेचे शॉक द्यायला सांगत असे. १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत ४० पैकी २६ जणांनी आदेश पाळत ४५० व्होल्टचं शेवटचं बटण दाबलं. शॉक खोटे होते, पण दाबणाऱ्यांना ते माहीत नव्हतं. लोक एवढाच आकडा देतात आणि ‘समाज बिघडवतो’ असं म्हणून मोकळे होतात. पुढचा प्रकारही सांगा: शेजारी बसवलेल्या, प्रयोगकर्त्याने आधीच पढवलेल्या दोन साथीदारांनी नकार दिला, तेव्हा ४० पैकी फक्त ४ जण शेवटपर्यंत गेले. दोन्ही वेळा दबाव समाजाचाच होता. एकदा त्याने ढकललं, एकदा सावरलं. त्यामुळे ‘समाज’ हा शब्द मोघम ठेवू नका. आदेश देणारा, सोबत नकार देणारा, की नुसता बघणारा, ते प्रत्येक वेळी लिहा.

पाच मिनिटांचं भाषण असेल तर अर्धा मिनिट दाव्याला, एक व्याख्येला, दोन एकाच पुराव्याला आणि उरलेला दीड मिनिट प्रतिपक्षाच्या सर्वांत बळकट मुद्द्याला ठेवा. तीन प्रयोग कोंबलेत तर एकाचीही बाजू नीट सांगून होत नाही.