एकाच आयटी पार्कात, तरी ज्ञान गेटपाशीच अडतंय? या चुका टाळा

हिंजवडीत एकाच रस्त्यावरच्या चार कंपन्यांत एकाच डेटाबेसशी झटापट चालू असू शकते आणि कोणाला कोणाचा पत्ता नसतो. शेजारी आलो की ज्ञान आपोआप झिरपेल, हीच पहिली चूक. एमआयटीचे थॉमस ॲलन यांनी १९७०च्या दशकात इंजिनिअरांचं आपसातलं बोलणं मोजलं. दोन जागांमधलं अंतर ५० मीटरच्या आसपास गेलं की कामाचं नियमित बोलणं अगदी तुरळक होतं, असं त्यांना दिसलं. इथे तर गेट वेगळं, आयकार्ड वेगळं, कँटीन वेगळं.

ओळखी मुद्दाम कराव्या लागतात, पण त्या नेटवर्किंग डिनरमध्ये क्वचितच होतात. माणसं एखाद्या अडलेल्या कामाभोवती जमली की बोलतात. कॅलिफोर्नियात १९७५ साली मेन्लो पार्कमधल्या एका गॅरेजात होमब्रू कॉम्प्युटर क्लब सुरू झाला, तो असाच. तेव्हा एचपीत नोकरी करणाऱ्या स्टीव्ह वॉझ्नियाकने पुढे ॲपल-१चे आराखडे तिथे फुकट वाटले. तेव्हा मीटअपला टीममधल्या कोणाला पाठवलंत तर प्रेझेंटेशनऐवजी न सुटलेला बग घेऊन पाठवा.

सगळ्यात महाग चूक म्हणजे राजीनामा देणाऱ्याला फितूर समजणं. शेवटच्या दिवशी घाईघाईने केटी, म्हणजे कामाची माहिती दुसऱ्याकडे सोपवणं, उरकायची, आणि नंतर फोनही करायचा नाही! खरं तर रस्त्यापलीकडच्या कंपनीत आता तुमचा एक ओळखीचा माणूस बसलाय. कॅलिफोर्नियाच्या १८७२च्या कायद्याने स्पर्धकाकडे जाण्यावरची बंदी मोडीत काढली. आपल्या करार कायद्याचं साल तेच, आणि त्याच्या कलम २७ मुळे नोकरी सोडल्यानंतरची अशी बंदी आपल्याकडेही सहसा टिकत नाही. गोपनीयतेचं बंधन अर्थात राहतं.

बोलणं भरपूर, पण नवं काहीच कळत नाही? मग कोण कोणाशी बोलतंय ते पाहा. एकाच कॉलेजची, एकाच जुन्या कंपनीतली मंडळी असतील तर सगळ्यांना ठाऊक असलेलंच फिरत राहणार. टेस्टिंगवाला, हार्डवेअरवाला असा एखादा परका माणूस त्यात आणा.

आणि सगळे गप्पच असतील तर बहुतेकदा काय बोललं तर चालेल हेच कोणी सांगितलेलं नसतं. एनडीए, म्हणजे गोपनीयतेचा करार, कोण वाचतं? क्लायंटचं नाव, कोड, दर बाहेर नाही; ओपन सोर्स लायब्ररीच्या कुठल्या व्हर्जनने त्रास दिला, एरर कशी शोधली, हे खुशाल सांगा. लीडने हे जॉइनिंगच्या आठवड्यातच तोंडी सांगावं.