पहिल्यांदाच पेपर रिव्ह्यूला आलाय? अ‍ॅक्सेप्ट दाबायच्या आधी हे बघा

पीएचडीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षात कधीतरी एखाद्या जर्नलचा मेल येतो, हा पेपर रिव्ह्यू कराल का, म्हणजे छापण्याआधी तपासून मत द्याल का, आणि आनंदाच्या भरात आपण लगेच अ‍ॅक्सेप्ट दाबून टाकतो. जरा थांबा, त्या पेपरात आपले हितसंबंध गुंतलेत का ते बघा. आधी लेखकांची नावं वाचा, पहिलं आणि शेवटचंच नाही, मधली पण सगळी. त्यात तुमचे गाईड, लॅबमधला जुना सिनियर, गेल्या तीन-चार वर्षांत ज्यांच्यासोबत पेपर लिहिलाय असं कोणी, तुमच्याच इन्स्टिट्यूटमधलं किंवा नात्यातलं कोणी असेल तर एडिटरला कळवायचं. कोणाशी वाजलं असेल तरी कळवायचं, रागानेही निकाल फिरतो आणि तो आपला आपल्याला दिसत नाही.

सगळ्यात अवघड म्हणजे तुम्ही नेमकं तेच काम करताय आणि समोरच्याचं आधी लिहून झालंय. इथे अ‍ॅबस्ट्रॅक्ट (पेपरचा सारांश) वाचूनच रिव्ह्यू घ्यायचा की नाही ते ठरवा. कारण पूर्ण पेपर एकदा वाचला की त्यातली आयडिया डोक्यातून काढता येत नाही, मग तुम्ही कितीही प्रामाणिक असा.

मग पैसा. बरीच मेडिकल जर्नल्स लेखकांकडून जो आयसीएमजेईचा (मेडिकल जर्नलच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती) फॉर्म भरून घेतात त्यात गेल्या ३६ महिन्यांतली कन्सल्टिंग फी, शेअर्स, पेटंट, प्रवासखर्च सगळं विचारलेलं असतं. तोच फॉर्म काढून स्वतःला लावून बघा.

एक लक्षात घ्या, हितसंबंध असणं हा गुन्हा नाहीये, लपवणं वाईट. ब्रिटिश डॉक्टर अँड्र्यू वेकफिल्डचं प्रकरण बघा. १९९८ मध्ये लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये त्याचा फक्त १२ मुलांवरचा पेपर आला, एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लस आणि ऑटिझमचा संबंध सुचवणारा, पण लस कंपन्यांवर केस करू बघणाऱ्या वकिलांकडून त्याला पैसे मिळत होते हे पेपरात कुठेच नव्हतं. ते २००४ मध्ये पत्रकार ब्रायन डीअरने बाहेर काढलं, पेपर मागे घेतला गेला २०१० मध्ये, आणि मधल्या काळात कितीतरी आईबापांनी घाबरून पोरांना लस दिलीच नाही. मला याचा अजून त्रास होतो.

शंका असेल तर स्वतः ठरवत बसू नका, दोन ओळी टाका: 'दुसऱ्या लेखकासोबत दोन वर्षांपूर्वी माझा एक पेपर आहे, सध्या एकत्र काम नाही. तरी रिव्ह्यू करू का?' एडिटर बऱ्याचदा करा म्हणतात, आणि नाही म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नका, त्यांना दुसरं एखादं नाव सुचवा.

गाईडनी स्वतःकडे आलेला रिव्ह्यू तुम्हाला करायला दिला तर? आपल्याकडे सर्रास चालतं हे. 'सर, एडिटरना माझं नाव कळवाल का' एवढं विचारा. बोलायला जड जातं, मान्य आहे, पण पेपर गोपनीय असतो आणि तो कोण वाचतंय हे एडिटरला माहीत पाहिजे.

आणि उद्या तुमचा पेपर जाईल तेव्हा रिव्ह्यूअर सुचवताना मित्रांची नावं देऊ नका, ईमेल पण इन्स्टिट्यूटचेच द्या. दक्षिण कोरियाचा संशोधक ह्युंग-इन मून याने असे ईमेल दिले होते की रिव्ह्यूची विनंती फिरून त्याच्याकडेच यायची. २०१२ मध्ये पकडला गेला तो, कारण रिव्ह्यू एका दिवसाच्या आत परत येत होते.