‘करतो की बे’ म्हणणारा ग्रुप

कॉलेजच्या प्रोजेक्टच्या ग्रुपवर ‘सर्वे कोण करणार?’ विचारलं की सोलापुरात तीन जणांचं उत्तर ठरलेलं: ‘करतो की बे’. काय, किती आणि कधी, हे त्यात नसतं. काम अडतं ते तिथेच.

गटात काम असलं की माणूस एकट्यापेक्षा कमी जोर लावतो, मानसशास्त्रात याला सोशल लोफिंग म्हणतात. फ्रेंच कृषी अभियंता रिंगेलमान यानं माणसांना दोरी ओढायला लावून मोजलं. आठ जण एकत्र ओढू लागले की माणशी जोर एकट्याच्या जवळपास निम्म्यावर आला. हे १९१३ साली छापून आलं. त्यातला काही तोटा सगळ्यांचा ताळमेळ न जमल्याचा होता. पण १९७९ साली लाताने, विल्यम्स आणि हार्किन्स या मानसशास्त्रज्ञांनी डोळ्यांवर पट्टी, कानाला हेडफोन लावून लोकांना ओरडायला लावलं. माणूस एकटाच ओरडत होता. सोबत इतर आहेत असं वाटलं, एवढ्यानंही त्याचा आवाज घटला. पुढे प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जातोय हे कळल्यावर ही चालढकल थांबली. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजाची उंच काठी पेलणारा अंग चोरत नाही, कारण सगळा रस्ता त्याच्याकडेच बघत असतो.

समजा, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यांचा सर्वे आहे. चौघं, ४० प्रश्नावल्या. नेहमीची वाटणी म्हणजे एकाला प्रस्तावना, एकाला सर्वे, एकाला एक्सेल, एकाला पीपीटी. प्रस्तावनावाला नेटवरून उतरवून मोकळा होतो, एक्सेलवाला सर्वेवाल्याची वाट बघत बसतो. त्याऐवजी प्रत्येकी दहा कारखाने घ्या. प्रश्नावली भरणं, त्याच संध्याकाळी शीटमध्ये नोंद, एक तक्ता, अर्धं पान लिखाण, सगळं ज्याचं त्यानं. शीटचा पहिला रकाना ‘कोणी भरलं’, दुसरा तारीख. रिकाम्या ओळी कुणाच्या, हे मग विचारावं लागत नाही. कँटीनमध्ये बसून भरलेले फॉर्म ओळखू येतात: पेन एकच, उत्तरं सगळी मधल्या पर्यायाची. म्हणून दहातल्या दोन ठिकाणी दुसऱ्यानं फोन लावून खात्री करायची.

नुसत्या मोजमापानं हात चालतील, डोकं चालेलच असं नाही. आपल्या कष्टानं निकालात फरक पडतो असं वाटलं तरच माणूस मन लावतो. म्हणून एकाला सुताचा भाव, एकाला वीजबिल, एकाला मजुरी, एकाला निर्यात असा ज्याचा त्याचा प्रश्न द्या.

सगळ्यांचं काम रात्रीत एकटा पुन्हा करणारा हुशार मुलगा ग्रुपला सगळ्यात महागात पडतो, असं आमचं मत. बाकीचे निर्धास्त होतात. उलटंही घडतं: एक जण फुकटात सुटतोय हे दिसलं की कामाचा माणूसही हात आखडता घेतो.

कुणाचं काम पहिल्यांदा राहिलं तर त्याला एकट्याला विचारा. मोहोळहून एसटीनं ये-जा करणाऱ्याला संध्याकाळी सातची मीटिंग जमत नसेल. वेळ बदलली की तोच कामाला लागतो. दुसऱ्यांदा राहिलं तर शीट घेऊन गाईडकडे जा, तेही मधल्या रिव्ह्यूच्या आधी. सबमिशनच्या आठवड्यात गेलात तर ‘आपसात मिटवा’ एवढंच ऐकायला मिळेल.