कयाकवर जिवंत कोळंबी मरत होती: शेवटी काय केलं

जिताडा (खाडीतला मोठा मासा) पकडायला आमिष म्हणून नेलेली जिवंत कोळंबी कयाकवर (वल्ह्याच्या छोट्या होडीवर) तासाभरात पांढरी पडून मरायची. मोठी बादली घेतली, बॅटरीचा एअर पंप लावला, तरी तेच. फार वैताग आला. खरं कारण ऊन: पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी विरघळतो.

आता झाकणाचा थर्माकोलचा डबा नेतो. त्यात 10 लिटर खाडीचंच पाणी. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन कोळंबीला मारतं. आधी पंप सुरू, मगच कोळंबी, तीही 20च. गोठवलेली अर्ध्या लिटरची बाटली बूच घट्ट लावून आत सोडायची. सुटा बर्फ नको, वितळून खारटपणा उतरतो. मेलेली लगेच काढायची, दर अर्ध्या तासाने थोडं पाणी बदलायचं. सकाळी 6 ला घेतलेली कोळंबी 11 लाही उड्या मारत होती.